उजव्या बाजूचा पंखा

पत्रक १

शेपटीचा पंखा चुकीच्या बाजूला होता.

शनिवारी सकाळी वसुधा सबनीस दोन दिवसांच्या रजेवरून कामावर आली, पदर खोचून बसली, चौदा नंबरचं ट्रेसिंग टेबलाच्या काचेवर पसरलं आणि तिची नजर थेट तिथेच जाऊन अडकली. हेलिकॉप्टर वरून कसं दिसतं त्याचं चित्र होतं ते. नाकाजवळ एकामागे एक दोन घुमट, पुढचा बंदूकवाल्याचा, मागचा वैमानिकाचा. पाठीवर शेजारी शेजारी दोन इंजिनं. मग लांबच लांब शेपूट आणि टोकाला छोटा उभा पंखा. तो डावीकडे हवा. उजवीकडे होता.

मुलुंडला लाकडाच्या वखारीवर अण्णा राजाध्यक्षांचं भाषांतराचं ऑफिस होतं. रशियन यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीत करायची, चित्रांसकट, हा धंदा. सत्त्याऐंशी साल चालू होतं आणि गेलं वर्षभर एकच काम हातात होतं: रशियाने आपल्याला दिलेलं हल्ल्याचं हेलिकॉप्टर. वसुधाचे वडील पवईच्या संस्थेत स्टोअरकीपर होते; तिथे आलेल्या रशियन तज्ज्ञांच्या बायकांकडून ती लहानपणी भाजी निवडता निवडता रशियन शिकली होती. त्या भाषेवरच तिचं घर चाललं होतं.

या हेलिकॉप्टरची कुळकथा तिला तोंडपाठ होती. पहिल्या पिढीत शेपटीचा पंखा उजवीकडे. मग दणकट इंजिनं आली, नाव टीव्ही-तीन-एकशेसतरा, आणि पंखा डावीकडे गेला. एमआय-चोवीसच्या ह्या सुधारलेल्या पिढीचं परदेशी विकायला काढलेलं रूप म्हणजे एमआय-पंचवीस. तेच आपल्याकडे आलं. आता गरम हवेत दमणार नाहीत अशी आणखी ताकदीची इंजिनं घातलेला धाकटा भाऊ येणार, अशी कुजबुज होती.

पण पहिल्या पिढीचं एकही चित्र या ऑफिसात कधी आलं नव्हतं. ती गोष्ट फक्त प्रस्तावनेच्या दोन ओळींत होती. मग उजव्या बाजूचा पंखा आला कुठून?

तिने लवूला हाक मारली. लवू परब, विक्रोळीच्या चाळीत राहणारा, ऑफिसातला एकुलता एक ट्रेसर. तो आला, कागदावर वाकला, आणि बराच वेळ वर उठलाच नाही.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "हा माझा हात नाही."

"म्हणजे?"

"मी बुधवारी काढलेलं हे नव्हे."

"तर हे बाहेरचं आहे, जुन्या पिढीचं," वसुधाच्या तोंडून मोठ्याने निघालं.

पत्रक २

अण्णांनी दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

नियम सगळ्यांना ठाऊक होते. मूळ रशियन चित्र पेटीत सीलबंद येई, लवू त्यावर ट्रेसिंग कागद ठेवून रेघा आणि भागांकडे नेणारे बाण काढी, आणि मूळ चित्र त्याच दिवशी परत जाई. अक्षरं-आकडे नंतर, वसुधाचं भाषांतर झाल्यावर, मृणालिनी स्टेन्सिलने टाकी. मधल्या वेळात नाना नकला काढायच्या अमोनियाच्या मशीनवर त्या ट्रेसिंगचा एक सेपिया काढून कपाटात ठेवत. सेपिया म्हणजे तपकिरी छापाचा पारदर्शक कागद, पुढे कधी दुरुस्ती लागली तर. कागद हरवला तर संरक्षण खात्याला कळवायचं. फाटला तरी तुकडे जमा करायचे आणि सही द्यायची. रद्द झालेलं पत्रकसुद्धा फेकायचं नाही: त्यावर तांबडी रेघ मारायची आणि नव्याच्या जोडीला ठेवायचं, म्हणजे चूक कुठे झाली ते दिसतं. इथेही तसंच ठेवलं आहे.

लवूने काढलेलं खरं पत्रक चौदा गायब होतं. त्याच्या जागी परकं पत्रक होतं. चार वाजता खात्याचे साहेब सगळा गठ्ठा न्यायला येणार होते.

अण्णांनी खणातून फॉर्म काढला. 'गहाळ कागद' असं त्याचं नाव आणि खाली एक रकाना: जबाबदार व्यक्ती. अण्णा म्हणाले, गुरुवार-शुक्रवार मी पुण्याला, तुम्ही रजेवर. कपाटाची किल्ली तिघांकडे: लवू, मृणालिनी, नाना. संशय नाही असं माणूस तुम्हीच, तेव्हा काय ते चारच्या आत शोधा. नाव मिळालं नाही तर ज्याचं काम त्याचं नाव जाईल, मग पुढचं खातं बघून घेईल.

"त्याला आत घेतील, अण्णा."

"मग मी काय करू? सगळ्यांना आत घालू?"

वसुधाने फॉर्मकडे पाहिलं. रकान्यात पेन्सिलीने फिकट अक्षरांत आधीच लिहिलं होतं: लवू परब.

पत्रक ३ (रद्द)

चोर मृणालिनी. गोरेगावच्या स्टुडिओत तिचा भाऊ सेट उभारतो आणि तिथे सध्या एका सिनेमासाठी प्लायवुडचं हेलिकॉप्टर बनतंय, हे तिनेच कौतुकाने सांगितलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी ती काखेत पुठ्ठ्याची लांब नळी घेऊन गेली, हे खालच्या वखारवाल्याने पाहिलं. नळीत कागद मावतो. भावाला खरं चित्र दिलं आणि कुठूनतरी मिळालेलं जुन्या पिढीचं चित्र जागेवर ठेवलं.

रद्द. कारण पुढे.

पत्रक ३-अ

मृणालिनी रडली नाही, चिडली. पंचवीस वर्षांची, तोंडाने फटकळ. नळीत काय होतं ते वसुधाने विचारल्यावर तिने पर्समधून घडी घातलेला एक रंगीत कागद काढून आपटला. पोस्टरसाठी काढलेलं सिनेमाचं नाव होतं, ठसठशीत तांबड्या अक्षरांत.

"अक्षरं काढते मी त्यांची. घरी बसून. अण्णांना कळलं तर बोंबलतील म्हणून लपवलं. आणि त्या प्लायवुडच्या हेलिकॉप्टरला ना, ताई, शेपटीला पंखाच नाहीये. दोऱ्याने लटकवणार आहेत ते. त्यांना कशाला हवं तुमचं चित्र?"

वसुधाला हसू आलं, पण तिने ते गिळलं. मग तिने शुक्रवारचं विचारलं. मृणालिनी म्हणाली, नानांनी ट्रेसिंग हातात दिलं, तुम्ही बुधवारी दिलेल्या भाषांतरावरून मी आकडे टाकले, परत दिलं. डावं-उजवं मी कशाला बघू? त्या दोन इंजिनांत मला तर काहीच फरक दिसत नाही.

ते खरं होतं. ही इंजिनं जुळी. डाव्या जागचं उजव्या जागी बसतं, फक्त धूर टाकायचं तोंड फिरवून लावायचं. सकाळपासून वसुधाने इंजिनांकडे दहा वेळा पाहिलं होतं, जुनी पिढी की नवी ते ठरवायला, आणि इंजिनं साक्ष द्यायला तयार नव्हती.

"गुरुवारी काही वेगळं?"

काही नाही, म्हणाली मृणालिनी. मशीन तापलं म्हणून नानांनी दुपारी बंद ठेवलं होतं. जळका वास येत होता, मी खिडकी उघडली. हो, आणि त्यांचा चष्मा परत घरी राहिला म्हणून नोंदवही मीच लिहिली. हल्ली मीच लिहिते.

बाहेर पडता पडता ती थांबली. "लवूच्या पासपोर्टचं विचारलंत का त्याला?"

पत्रक ४ (रद्द)

चोर लवू. नानांनीही तेच सांगितलं, आणि नाना म्हणजे अख्ख्या ऑफिसात सगळ्यांत जुने, सगळ्यांत सरळ. पंधरा वर्षं ट्रेसर, त्यानंतर मशीनवर. लवू त्यांच्याच गावचा. त्याला पेन धरायला शिकवलं त्यांनीच. म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागलं.

मशीनच्या खोलीत अमोनियाने डोळे चुरचुरत होते. नाना स्टुलावर ताठ बसलेले, हात पाठीमागे बांधलेले. वसुधा दारात आली तशी, मान न वळवता, चपलांच्या आवाजावरूनच म्हणाले, ये बाय.

"हा बाहेरचा कागद आहे," ते म्हणाले. "माझ्या हातून गेला तेव्हा चांगला होता. माझ्यामागे कोणीतरी बदलला. लवूने दुबईसाठी पासपोर्ट काढलाय, मला न सांगता. मी त्याला मुलासारखा धरला. आता मुलगाच म्हणून सांगतो: त्याला विचारा, आणि सोडू नका."

शेवटचं वाक्य ते अगदी हळू बोलले, जणू स्वतःलाच सांगत होते. खोटं बोलणारा माणूस असं बोलत नाही, हे वसुधाला कळत होतं. लवूने खरं पत्रक कुणाला तरी दिलं, आणि त्या माणसाकडूनच हे जुन्या पिढीचं आलं. दुसरं काय असणार?

रद्द. पण हे पत्रक फाडवत नव्हतं; अडीच वाजले होते आणि हातात एवढंच होतं.

पत्रक ४-अ

लवूने पासपोर्ट नाकारला नाही. चुलतभावाने एका तेलकंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात शब्द टाकला होता. जमलं तर जायचं. नानांना सांगायची हिंमत झाली नाही, एवढंच.

"मग हा कागद कुणाचा?"

"माझा नाही. माझी खूण नाही यावर." त्याने दुसरं एक पत्रक उचलून दाखवलं: वरचा उजवा कोपरा कात्रीने इवलासा छाटलेला. "अक्षरं नसतात ना सुरुवातीला. मग कागदाची सुलटी बाजू कुठली, ते या छाटीवरून कळतं. चौदालाही केली होती मी. याचे चारही कोपरे शाबूत आहेत."

"ते सकाळी का नाही सांगितलंस?"

लवूने ते पत्रक गठ्ठ्यात परत ठेवलं.

"हात कुणाचा ते ओळखतोस?"

"नाही सांगता येत," लवू म्हणाला. नाही ओळखत, असं तो म्हणाला नाही. ते वसुधाने नोंदलं. पण त्याच्या गप्प बसण्यानेच तो जास्त अडकत होता, आणि ते त्यालाही कळत असणार.

तो गेल्यावर ती पुन्हा त्या परक्या कागदाशी बसली. साडेनऊपासून ती एकच गोष्ट पाहत होती: पंखा. तिने शेपटीवर पट्टी आडवी ठेवून पंखा झाकून टाकला आणि उरलेलं चित्र नव्याने पाहिलं, जणू आयुष्यात पहिल्यांदाच.

नाकावरून पुढे गेलेली लांब सळई, वाऱ्याचा वेग मोजणारी. ती बंदूकवाल्याच्या उजव्या हाताला असते. इथे डावीकडे.

वैमानिकाचा दरवाजा. तो उजवीकडे उघडतो. इथे डावीकडे.

तिने पट्टी बाजूला सारली. पिढी बदलताना पंखा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला, हे खरं. पण सळई हलली नव्हती. दरवाजा हलला नव्हता. ज्यात तिन्ही गोष्टी उलट आहेत असं हेलिकॉप्टर रशियाने कधी बांधलंच नव्हतं. हे जुन्या पिढीचं चित्र नव्हतंच. बाहेरून आलेलंही नव्हतं. आरशात पाहावं तसं हे आपलंच पत्रक होतं.

तिला कुळकथा पाठ होती म्हणून तिला दुसरी पिढी दिसली. मृणालिनीने पाहिलं असतं तर म्हणाली असती, उलटं झालंय, बस. आपणच सकाळी 'बाहेरचं' हा शब्द ऑफिसात सोडला आणि त्या शब्दाने एका माणसाचं नाव रकान्यात बसवलं.

तिने कपाटातून सेपिया आणला. सेपियाचा छाप कागदाच्या पाठीवर असतो. तपकिरी बाजू खाली ठेवून वरून बघायचं, मग चित्र सुलटं. तिने तो मुद्दाम पालथा केला, तपकिरी बाजू वर, आणि त्यावर परकं ट्रेसिंग ठेवलं. रेघेवर रेघ बसली. शेपूट, सळई, दरवाजा, दोन्ही जुळी इंजिनं, सगळं.

कुणीतरी सेपिया उलटा ठेवून त्यावरून नवं ट्रेसिंग काढलं होतं. लवू असं करणार नाही. कोपरा छाटून खूण करणाऱ्या माणसाला सुलट-उलट झोपेतही कळतं. मृणालिनी अक्षरं काढते, यंत्राची रेघ तिला जमत नाही. आणि सेपिया उलटा का ठेवावा? तिने दोन्ही बाजूंनी पाहिलं. सुलट बाजूने छाप कागदाआडून येतो, म्हणून फिका. उलट बाजूने ठळक. ज्याला फिकी रेघ दिसत नाही, तो माणूस ठळक बाजू वर घेईल.

सव्वातीन झाले होते.

पत्रक ५

"नाना, एकदाच बघून द्या," वसुधा म्हणाली. तिने परकं ट्रेसिंग मशीनशेजारच्या टेबलावर पसरलं आणि दिवा लावला. "तुम्ही शुक्रवारी मृणालिनीला दिलेला कागद असा नव्हता ना?"

नाना उठले, हात पाठीमागे ठेवूनच वाकले. नाक कागदाला टेकेल इतके.

"नव्हता."

"पंखा कुठे आहे?"

"उजवीकडे. तोच तर सगळा घोळ आहे."

"आणि आकडे?"

"आहेत की. पोरीने टाकलेले."

वसुधाने श्वास घेतला. कागद तिने पालथा ठेवला होता. पारदर्शक कागदातून आरपार दिसणारा पंखा या घडीला डावीकडे होता, आणि मृणालिनीचे सगळे आकडे उलटे दिसत होते. दिसणाऱ्याला.

"नाना," ती हळू म्हणाली, "हा कागद मी पालथा ठेवलाय."

मशीनचा पंखा घरघरत राहिला. नाना वाकलेलेच होते. मग त्यांनी पाठीमागचा हात पुढे आणला, बोटाच्या टोकाने कागद चाचपला, शाईचा उठाव बोटाला लागला नाही म्हणून उलटला, पुन्हा चाचपला. उठाव लागला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"गणपतीपासून धुरकट. दिवाळीपासून हे असं." ते स्टुलावर बसले. "सेपिया नीट निघाला, कोपऱ्याची छाट चाचपून ट्रेसिंग सुलटं लावलं होतं. मग तपासणीची प्रत काढायला गेलो, तेव्हा ट्रेसिंग तिरकं गेलं. रोलरला गुंडाळलं, करपलं, फाटलं. मागच्या वर्षी एक गेलं होतं तेव्हाच अण्णा म्हणाले होते, नाना, आता आणखी एक गेलं की घरी विश्रांती घ्या. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मीच काढलं. आयुष्यभर तेच केलंय. अंगात हात आहे अजून." ते थांबले. "उलटा ठेवला होता मी सेपिया?"

"हो."

"ठळक दिसली ती बाजू घेतली. म्हटलं, दिसतंय."

वसुधाने कागद उचलून घेतला. समोरचा माणूस सकाळपासून चोर शोधत होता, अगदी मनापासून. आपण काढून दिलेला कागद कुणीतरी बदलला, एवढंच त्याला ठाऊक होतं. तो बदललेला कागद आपलाच आहे हे त्याला दिसलं नव्हतं.

मग नानांना तेच उमगलं असावं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"बाय," ते म्हणाले, "मी लवूचं नाव घेतलं."

पत्रक ६

तुकडे ऑफिसातच होते. नानांनी मशीनच्या तळाचा पत्रा उचलला आणि वर्तमानपत्राची एक सपाट घडी बाहेर काढली. सांगायचा नियम त्यांनी मोडला होता. बाकी एकही मोडला नव्हता. कागद जाळला नाही, बाहेर नेला नाही, मोजून ठेवला. सात तुकडे.

चारला पाच मिनिटं कमी असताना लवूने ते काचेवर जुळवायला घेतले. त्याला कुणी काही समजावून सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. एका कडेला घास घेतल्यासारखी करपलेली खाच होती, बाकी चित्र पूर्ण भरलं: पंखा डावीकडे, सळई उजवीकडे, वरच्या उजव्या कोपऱ्याला इवलीशी छाट.

खात्याचे साहेब पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी तुकडे मोजले, सेपिया मागवून वर धरला, करपलेली कड रोलरवरच्या डागाशी ताडून पाहिली. वसुधाला त्यांनी चार प्रश्न विचारले आणि चारही वेळा उत्तर संपेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहिले, विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवत. शेवटी त्यांनी 'गहाळ कागद' हा फॉर्म अण्णांकडे परत सरकवला आणि दुसरा मागितला: 'खराब झालेला कागद'. अण्णांनी पहिल्यावरचं पेन्सिलीचं नाव खोडरबराने खोडलं. खरं तर तो फॉर्म आता कुणी वाचणार नव्हता, पण ते खोडतच राहिले.

"सोमवारपासून मशीनवर डोळे तपासलेला माणूस हवा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज कडक नव्हता, पण वाक्य तेच होतं जे नाना वर्षभर टाळत आले होते. "आणि ज्याच्या हातून झालं, त्याने सही करायची."

अण्णांनी पेन पुढे केलं. नानांनी ते घेतलं. लवू काचेजवळ उभा होता. नानांनी त्याच्या दिशेने तोंड वळवलं आणि गावच्या बोलीत विचारलं,

"तुका ठावक होता?"

"बाणाचा टोक बघलंय तेव्हाच," लवू म्हणाला. "तसो बाण तुमीच काढतास. माका शिकवलास तोच."

"मगे बोल्लंस कित्याक नाय? मी तुझा नाव घेतलंय तरी?"

लवू काचेवरचे तुकडे सारखे करू लागला. साहेब घड्याळाकडे पाहू लागले.

नानांनी पेन कागदावर आणलं. टोक फॉर्मच्या वर तरंगत राहिलं, थोडं डावीकडे गेलं, थोडं खाली. खोलीत सगळे ते बघत होते. वसुधा पुढे व्हायला गेली, तेवढ्यात लवू टेबलाला वळसा घालून आला, नानांच्या बाजूला उभा राहिला, आणि सहीच्या रेघेखाली त्याने आपलं शाईने काळं झालेलं बोट टेकवलं.

"हयसर, नाना."

नानांनी डाव्या हाताने ते बोट चाचपलं, आणि त्याच्या कडेकडेने सही केली.